लय माणूस

"किती माणूस धरायचं, बाई?"

तांदळाच्या पोत्यात घातलेला सटवाजीचा हात थांबला. भावकीतला तो स्वयंपाकी.

"थोडंच धरा, काका," सुकेशनी म्हणाली.

"थोडं कामून?" आतून पंचफुलाबाईंचा आवाज आला. "लय माणूस येनार हाय."

"कोण येणार, आई? बाबांनी जन्मभर लोकांना अडवलं. शिव्यांशिवाय कुणी काय दिलं त्यांना?"

"तू धर रं सटवाजी. तिला काय इचारतूस? ती इंग्रजीची बाई हाय."

सटवाजीनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा लेकीकडं, आणि मधलंच माप धरलं.

पिंगळीजवळच्या रेल्वे फाटकावरचा गेटमन लिंबाजी गेला. आज त्याचं जलदान, मरणानंतरचा विधी आणि जेवण. फाटकाशेजारच्या घरापुढं मांडव मोठा घातला होता. तो रिकामा राहिला तर आई ते कसं बघेल, एवढंच सुकेशनीच्या मनात घोळत होतं.

*फाटक बंद.*

गंगाखेडच्या कॉलेजात, बाबा जायच्या आधीच्याच आठवड्यात, रेणुका नावाची पोरगी वर्गात उभी राहिली होती.

"मॅडम, मेनी म्हंजे पुष्कळ ना? मंग पुढं मॅन कसं काय? मेन पायजे की."

जुनी इंग्रजी कविता होती. मेनी अ मॅन. पुष्कळ, आणि पुढं एकच माणूस.

"जुन्या पुस्तकांत असंच लिहायचे. पाठ करा."

रेणुका बसली, पण तिला ते पटलं नव्हतं. सुकेशनीला तरी कुठं पटलं होतं? तिनंही पाठच केलं होतं.

*फाटक उघडं.*

पहिल्यांदा कडूबाई आली. शेजारच्या वस्तीवरची, काठी टेकत.

"माजी लेक अडली व्हती, बैलगाडीत. लय हातापाया पडले, पर फाटक काय उघडलं न्हाई तुज्या बापानं. गाडी जाईस्तोवर पाण्याचा तांब्या घिऊन बैलापाशी हुबा राह्यला. नातवाचं लगीन झालं की आता."

मग दूधवाला. मग वीटभट्टीवरचं एक जोडपं, "जयभीम ताई" म्हणून कोपऱ्यात बसलं. मग एक म्हातारा. त्याचं नाव पंचफुलाबाईंनाही माहीत नव्हतं. मग भगवानराव, बागायतदार. जीपमधून उतरले ते थेट फोटोसमोर.

"म्या लय शिव्या दिल्या ह्याला," फुलं वाहून ते म्हणाले. "रोजच्या रोज. ह्यानं वर मान करून बघितलं न्हाई. गाडी गेली की दांडा वर करायचा अन् म्हनायचा, 'आता जावा मालक, बिनघोर.'"

"मला बी तसंच म्हनायचे," दूधवाला म्हणाला. "मी कुठला मालक!"

कुणीतरी हसलं. हसता हसता डोळे पुसले. वाटेवरून अजून कुणी येत होतं. त्याच्या मागं अजून कुणी.

"लय माणूस यायलंय बग," आई पुटपुटली.

सुकेशनीनं वळून आईकडं पाहिलं.

लय.

माणूस.

जन्मापासून कानांवर पडलेलं बोलणं तिला आज ऐकू आलं. मेनी अ मॅन. शेकडो वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडं, कुणीतरी गर्दीकडं बघता बघता असाच थबकला असेल. पुष्कळ म्हणाला असेल, आणि डोळ्यांपुढं एकेकच उभा राहिला असेल. त्याचं बोलणं आईच्या तोंडी कुठून आलं? की आलंच नाही कुठून. जो कुणी नीट बघतो, त्याला तसंच बोलावं लागतं?

तेवढ्यात पूर्णेकडची गाडी शिटी देत जवळ आली.

मांडवातले हात ताटांवरच थांबले. निघायला उठलेले होते तिथंच उभे राहिले. सवयच ती, सगळ्यांच्या अंगात मुरलेली. भगवानराव चपलेत एक पाय घालून थांबले. पत्रे थरथरले, फोटोवरचा हार हलला. गाडी लांबत गेली, आवाज विरला.

तरी कुणी हललं नाही.

सगळ्यांची नजर फोटोकडं होती. मग पंचफुलाबाई उठल्या. त्यांनी पदर सावरला.

"आता जावा," त्या म्हणाल्या. "बिनघोर."

माणूस निघालं.

एक.

मग एक.