गाडी रोज चालू करा

"ह्या बयेत बसायचं एक वेळ जमतं, पण उठताना कंबर आतच राहती," सरोजिनीबाई चहाचा कप फळीवर ठेवता ठेवता पुटपुटल्या.

बॉनेटखाली डोकं घातलेल्या वीरप्पानं ते ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं. इंजिनाच्या तोंडाशी उभं आयुष्य काढलेल्या माणसाला कुठला आवाज धरायचा आणि कुठला सोडायचा एवढं कळतंच. तरी मनात खुटकन वाजलं. ही बाई या गाडीत बसली कधी? गाडी तर शेडातून बाहेर पडत नाही. म्हणजे पडली होती, गेल्या महिन्यात, एकदाच. आणि त्या एकदाचंच तर सगळं रामायण चाललं होतं.

तुळजापुरात बाबूराव सर आणि सरोजिनीबाईंच्या घरामागे पत्र्याचं शेड होतं आणि शेडात ती गाडी. हिरवी, दोन दारांची, बसक्या अंगाची विलायती स्पोर्ट्स गाडी, घरातल्या सुनेपेक्षा वयानं मोठी. गल्लीतली पोरं तिला बेडकी म्हणत. त्यांच्या मुलानं, वरदनं, ती हैदराबादच्या एका भंगारवाल्याकडून आणली आणि टेम्पोत घालून थेट नळदुर्गला, हायवेच्या कडेला ट्रक-ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या वीरप्पाच्या दारात उतरवली होती. "काका, हिला उठवायचं," म्हणाला होता. पुढं किती रविवार दोघांचे हात एकाच काळ्या तेलात बुडाले त्याला गणती नाही. गाडी उठली. वरद तिच्यातच बसून नवी नवरी राजेश्वरीला गाडी शिकवायला नळदुर्गच्या रस्त्याला नेत असे.

मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वरदला सोलापूरला नेलं.

या घरात गोष्ट तिथपर्यंतच सांगितली जायची. 'वरदला सोलापूरला नेल्यावर' असं म्हणायचे, आणि त्यापुढं कुणी वाक्य नेत नसे. पाव्हणेरावळेही तिथं आले की चहाचं विचारत.

दवाखान्यातून त्यानं वडिलांना फोन केला होता. "बाबा, गाडी रोज सकाळी चालू करा. पाच मिनिटं. नाहीतर बॅटरी उतरेल." बाबूराव निवृत्त शिक्षक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकरांना गृहपाठ दिला. त्यांना मिळालेला हा एकच, आणि तो त्यांनी एकदाही चुकवला नव्हता. आंघोळ, पूजा, मग देवघरातल्या ताम्हणाखालची चावी घ्यायची, शेडात यायचं, चोक ओढायचा, गाडी चालू करायची, पाच मिनिटं स्टिअरिंगला हात लावून बसायचं, बंद करायची. चालवता त्यांना येतच नव्हती.

गेल्या महिन्यात सर लातूरला लग्नाला गेले. त्या दिवशी राजेश्वरीनं गाडी बाहेर काढली. कुठं गेली, का गेली, तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी सरांनी चावी फिरवली, तर इंजिनातून टकटक, टकटक. कुणी दाराची कडी वाजवावी तसं.

"त्याची एक वस्तू राखता आली न्हाई तुला," सर सुनेला म्हणाले. तेवढंच. पण तेव्हापासून दोघं बोलत नव्हते, आणि रविवारी तिचा भाऊ कृष्णराज तिला माहेरी, वाशीला, घेऊन जायला येणार होता. तहसिलातली तिची नोकरीही ती तिकडंच बदलून मागणार होती. तिची बॅग पलंगाखाली भरलेली होती. सगळ्यांनी ती पाहिली होती, आणि सगळे केर काढताना ती जराशी सरकवून परत तिथंच ठेवत होते.

"टॅपेट कसून झाले, सर?" वीरप्पानं विचारलं.

"इथल्या मिस्त्रीनं कसले. दोन दिवस बरं, पुन्हा तेच."

"मग ते टॅपेटचं न्हाय. वरचं झाकण काढतो."

झाकण निघालं. वीरप्पानं व्हॉल्व्हच्या डोक्यावर घड्याळासारखी काट्याची मापणी बसवली. "हे बगा, सर. आत एक दांडा असतोय, कॅमशाफ्ट. त्येच्यावर अंड्यासारखे उंचवटे. दांडा फिरला की एकेक उंचवटा टॅपेटला ढकलून एकेक व्हॉल्व्ह उचलतोय. किती उचलला ते हा काटा सांगतोय. कुणीतरी पुढून पान्यानं इंजिन फिरवा हळूहळू."

दारात उभी असलेली राजेश्वरी पुढं झाली.

"तिनं नको," बाबूराव म्हणाले.

राजेश्वरी होती तिथंच थांबली. सरोजिनीबाईंनी उगाच पदर सारखा केला. सरांनी बाह्या दुमडल्या आणि पाना स्वतः धरला.

पहिला व्हॉल्व्ह. काटा ऐटीत वर गेला, खाली आला. दुसरा, तसाच. तिसऱ्या सिलिंडरपाशी आल्यावर काटा जरासा हलला आणि आळशी पोरानं हात वर केल्यासारखं करून खाली बसला.

"पुन्हा," वीरप्पा म्हणाला.

सरांनी पुन्हा फिरवलं. तेच.

"उंचवटा झिजलाय."

सरांनी पाना सोडला नाही. "एका फेरीत झिजला ना?" त्यांनी सुनेकडं पाहिलं नाही, पण प्रश्न तिच्याच पायाशी जाऊन पडला. "मला खरं सांगा, वीरप्पा. तुम्ही बांधलेलं इंजिन आहे. हे बाहेर नेल्यामुळं झालं का नाही?"

वीरप्पानं तेलाची कांडी ओढून बोटांवर पुसली. नाकाशी नेली. तेल पातळ झालं होतं, पेट्रोलचा वास मारत होता. त्याला सगळं कळलं. थंड इंजिन, चोक ओढून सोडलेलं जादा पेट्रोल, पाच मिनिटं मंद चाल, की बंद. तेल तापायच्या आत, वर उडून दांड्यापर्यंत नीट पोचायच्या आत बंद. रोज. वर्षानुवर्षं. या गाडीला तिच्या हयातीत कुणी एवढ्या मायेनं मारलं नसेल.

"शाफ्ट बाहेर काढल्याबिगर न्हाय सांगता येत," तो म्हणाला. "परवा येतो."

राजेश्वरीनं त्याच्याकडं पाहिलं. तहसिलात रोज शंभर माणसांची टाळाटाळ ऐकणारी बाई ती. तिला टाळणं कळलं. ती आत गेली.

घरी शांताक्कानं, त्याच्या बायकोनं, भाकरी थापता थापता सगळं काढून घेतलं.

"मग सांगितलं का न्हाय?"

"काय सांगू? सर, तुमीच मारली म्हणू? त्या पोराचा तेवढा एक शब्द धरून जगतोय त्यो माणूस. अय्यो, म्या कसं बोलू?"

"आन् न्हाय बोललं तर पोरगी बोल घेऊन जाईल वाशीला. जलमभर."

"म्हातारं मोडंल गं."

"म्हातारं काचंचं, आन् पोरगी काय लोखंडाची हाय?" शांताक्कानं भाकरी तव्यावर टाकली. "जेवा आता. शाफ्टला विचारा काय ते."

वीरप्पा जेवला नाही फारसा. त्यालाही त्या पोराचं काहीतरी धरून ठेवायचं होतंच की. दुकानातल्या खुंटीवर वरदची तेलकट टोपी अजून तशीच होती. कुणी गिऱ्हाइकानं डोक्यावर घातली तर तो अंगावर धावून जायचा.

सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी त्यानं रेडिएटर काढलं, साखळी उतरवली आणि दांडा पुढून अलगद ओढला. विहिरीतून भरलेली घागर काढावी तसा. बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभी राहावीत तशी तिघं शेडाबाहेर उभी होती. वीरप्पानं दांडा फडक्यानं पुसला आणि सरांच्या हातात दिला.

"अंगठा फिरवा, सर."

सरांनी अंगठा फिरवला. एक उंचवटा टोकदार, गुळगुळीत. दुसराही. मग अंगठा तिसऱ्या सिलिंडरपाशी आला, आणि तिथं टोकच नव्हतं. गोल, खडबडीत, उंदरानं कुरतडल्यागत.

"हे एका फेरीचं काम न्हाय," वीरप्पा म्हणाला. आवाज त्याच्या स्वतःच्या कानाला परका वाटला. "एका फेरीत एवढं लोखंड जात न्हाय. हे वर्षांचं हाय."

"वर्षं तर गाडी उभी होती."

वीरप्पानं फडक्याला बोटं पुसली.

"मी पण होते," एकाएकी सरोजिनीबाई म्हणाल्या.

"कुठं?"

"गाडीत. त्या दिवशी. मीच म्हणलं हिला, मला एकदा ह्यात बसव. अणदूरच्या पुढं जाऊन आलो. छत उघडं टाकून." त्या नवऱ्याकडं वळल्या. "तुम्ही हिला बोललात तेव्हा मी गप्प बसले. मला तुमची भीती न्हाई वाटली. तुम्ही रोज चावी घेऊन येता ना इकडं, त्याची वाटली."

"आई, राहू द्या," राजेश्वरी हळूच म्हणाली.

बाबूरावांनी दांडा दोन्ही हातांत धरला होता. कसल्याशा अवघड प्रमेयाची शेवटची पायरी दिसावी तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावरून सरकलं. "उभी असताना," ते सावकाश म्हणाले, "म्हणजे रोज सकाळी."

वीरप्पानं मान खाली घातली. "थंड इंजिनात तेल वर चढायला वेळ लागतोय, सर. मंद चालीत तर दांड्यापतुर येतच न्हाय म्हणा ना. आन् तापायच्या आत बंद केलं की…"

"त्यानं सांगितलं होतं. फोनवर."

"व्हय. त्येनं सांगितलं ते बरोबरच हाय," वीरप्पा घाईनं म्हणाला. "चार दिवसांसाठी बरोबरच हाय."

चार दिवसांसाठी. ते शब्द शेडात तसेच उभे राहिले. त्याच्या पुढचं वाक्य सगळ्यांच्या ओठांवर आलं असणार. पण सरोजिनीबाई कप गोळा करायला लागल्या आणि राजेश्वरीनं जमिनीवरचा पाना उचलून उगाच पुसला. सरांनी दांडा फडक्यात गुंडाळला, लहान मूल दुपट्यात बांधावं तसा, आणि वीरप्पाच्या हातात दिला.

"होईल दुरुस्त?"

"सोलापूरला झिजलेलं लोखंड भरून, घासून आणतो. टॅपेट नवे घालावे लागतील."

रविवारी कृष्णराज आला. राजेश्वरी म्हणाली, गाडीचं काम होईस्तवर थांबते. त्यानं भुवया उंचावल्या. बहिणीला गाडीच्या कामाशी काय? पण बहिणीचं तोंड बघून चहा घेऊन परत गेला. बॅग पलंगाखाली भरलेलीच राहिली. सर तिच्याशी बोलत नव्हते, तीही त्यांच्याशी नाही. फक्त सकाळी पूजा झाल्यावर सर ताम्हण उचलत, चावी बघत आणि ताम्हण परत ठेवत. शेडात जाऊन करायचं काही उरलं नव्हतं. त्या वेळेला काय करावं ते न कळून ते अंगणात नुसते उभे राहत, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन्ही बायका त्यांना तसं उभं असलेलं बघत.

दांडा भरून आला तेव्हा श्रावण लागला होता. वीरप्पानं काळं मलम फासून तो आत बसवला, साखळी चढवली, खुणा जुळवल्या. दुपार झाली. शेवटी रेडिएटरात पाणी पडलं, नवं तेल पडलं. वीरप्पानं हात पुसले.

"आता नीट ऐका. दांडा नव्यानं भरलाय. पहिल्यांदा चालू झाली की मंद ठेवायची न्हाय. चढत्या आवाजावरच, न थांबता ठेवायची वीसेक मिनिटं. आन् मग रस्त्याला काढायची. लगेच. हिला आता उभं ठेवून राखता येणार न्हाय. पळवली तरच टिकंल."

"हां," सर म्हणाले.

वीरप्पा बाजूला झाला. त्याची एक रीत होती, वडिलांच्या हाताखाली शिकलेली. इंजिन उघडून बांधलं की पहिली चावी मिस्त्री फिरवत नाही. ट्रक असो, ट्रॅक्टर असो, मालकाच्या हातानंच. ढोकीच्या कारखान्यावर ऊस वाहणाऱ्या कितीतरी ट्रॅक्टरांपुढं उभं राहून त्यानं तो एक शब्द असाच पुकारला होता. आत्ताही तो जिभेच्या सवयीनं, त्याला कळायच्या आत, बाहेर पडला:

"मालक?"

आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. हातातलं फडकं तोंडात कोंबावं असं झालं. सरोजिनीबाईंनी शेडाचा खांब धरला. राजेश्वरी जमिनीकडं बघत राहिली. मंदिराकडून कसलीतरी हलगी वाजत होती, तीही नेमकी तेव्हाच थांबली.

बाबूरावांनी सदऱ्याच्या खिशातून चावी काढली. ताम्हणाखालचं थोडं कुंकू तिला लागलेलं होतं. ते त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसलं, नीट, दात्यांतून सुद्धा. गाडीला वळसा घालून ते सुनेसमोर आले. तिचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि चावी तिच्या तळव्यावर ठेवली.

"मालक गेला, वीरप्पा," ते म्हणाले. "माझा वरद गेला. गाडी हिची आहे."