धाकटीच्या मानेतली जाळी

चाकाची खुर्ची, रिकामी.

हॉलभर टाळ्या.

मानेच्या बाजूला पांढरी पट्टी.

माझ्या पोटात कळ.

कळ आजाराची नव्हती. खुर्चीतून उठून मंचावर टकाटक चालत होती ती माझी धाकटी बहीण. आम्हा दोघींना एकच आजार, मल्टिपल स्क्लेरॉसिस. मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं, पाय दगा देतात. आजार दोघींना, टाळ्या तिला. लहानपणापासून हेच.

"या आजाराचं मूळ म्हणजे मानेतली तुंबलेली शीर!" शीरवाले डॉक्टर माइकवर गरजले. "फुगा घालून उघडली, आत जाळीची नळी बसवली. शीर मोकळी, माणूस मोकळा!"

मोरीचा नळ दुरुस्त केल्यासारखं सांगत होते.

"ताई, तूही करून घे ना. उगाच जळतेस," धाकटी म्हणाली.

"जळतंय कोण? माझे पाय तर गारच असतात."

जळत होते. म्हणून तर दुसऱ्याच दिवशी मीही तिथे गेले. डॉक्टरांनी मला परत पाठवलं.

"सध्या तुमचं बरं चाललंय. आजार उफाळला की या. तेव्हाच शीर नीट दिसते."

तिला हो, मला नाही! घरी येईपर्यंत धुमसत होते. मग एकदम आठवलं. मागे माझा आजार उफाळला होता, तेव्हा मीही काही दिवसांनी काठी सोडली होती. शीर न उघडता. फक्त माझ्यासाठी कुणी हॉल घेतला नव्हता.

मी माझ्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंना गाठलं, सगळं सांगितलं.

"हीच तर मेख," त्या म्हणाल्या. "हा आजार उफाळतो, पुष्कळदा आपोआप ओसरतो. उफाळलेलेच रुग्ण घ्यायचे, ओसरलं की श्रेय शिरेला. चाचण्यांत काहींची शीर खरंच फुगवली, काहींपुढे नुसता देखावा केला. फरक पडला नाही. धोका मात्र खरा आहे. रक्ताची गुठळी होते, रक्तस्राव होतो, नळी सुटून हृदयात जाऊ शकते. बहिणीला आजच आणा."

धाकटी उसळली. "माझं चालणंसुद्धा बघवत नाही तुला!"

"नाही बघवत. पण तू नसलीस तर मी जळू कुणावर?"

ती हसली. आली. स्कॅनमध्ये जाळी हृदयात दिसली. छाती उघडून काढावी लागली. वाचली.

कुणी बरं झाल्याचं दाखवलं, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा: काहीच केलं नसतं, तर काय झालं असतं?

नंतर कळलं: शीर उघडण्याच्या आदल्या संध्याकाळीच धाकटी खुर्ची खाली सोडून दवाखान्याचा जिना एकटीने चढून गेली होती.