दुसरा ठोका

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो, पण माझ्यातून आजवर कोणी ओरडलेलं नाही. माझ्यातून फक्त ऐकतात. माझ्या एका टोकाला रुंद तोंड आहे, दुसऱ्या टोकाला कान टेकवायची चपटी चकती आणि मधे वीतभर पोकळी. तोंड गरोदर बाईच्या पोटावर ठेवायचं, चकतीला कान लावायचा, हात काढून घ्यायचा आणि वाट पाहायची. मग बंद खोलीत कुणी अनवाणी पळत असावं तसा आवाज येतो. तो बाळाच्या हृदयाचा असतो. मिनिटाला एकशे दहा ते एकशे साठ ठोके.

गिरगावात लाटणी आणि भोवरे कातणाऱ्या एका कारागिराने मला शिसवी लाकडातून घडवलं. आतून पोकळ झाल्यावर त्याने मला कान लावला. समोर भिंत होती, माणूस नव्हतं, तरी त्याला काहीतरी ऐकू आलं आणि त्याने मला पटकन खाली ठेवलं. त्यात भुताचं काही नव्हतं. प्रत्येक पोकळ नळीला स्वतःचा एक सूर असतो. आजूबाजूच्या गोंगाटातला तेवढाच सूर ती उचलते आणि मोठा करते. शंखात ऐकू येणारा समुद्र असाच असतो. पण कारागिराला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याने मला वर्तमानपत्रात गुंडाळलं, तेव्हा माझ्या तोंडात आधी कागदाचा बोळा कोंबला.

माझी कामाची तीस वर्षं लालबागच्या एका लहानशा प्रसूतिगृहात गेली. तिथे कालिंदी सिस्टर होत्या. त्या मूळच्या सावंतवाडीकडच्या. त्या माझ्या चकतीला कान लावून वाकल्या की खोलीतली माणसं श्वास रोखत. सिस्टरांचा एक नेम होता. ऐकताना त्या बाईचं मनगट आपल्या बोटांत धरत. बायकांना वाटे, सिस्टर मायेने हात धरतात. कितीतरी जणींनी घरी जाऊन तसंच सांगितलं असेल. सिस्टरांनी कधी कुणाला खरं कारण सांगितलं नाही, कारण कधी कुणी विचारलं नाही.

एकदा त्यांनी मला एका पोटावर सहा वेगवेगळ्या जागी ठेवलं. प्रत्येक जागी बराच वेळ. सहाही जागांवरून माझ्यात पंख्याचा आवाज आला, रस्त्यावरच्या गाडीचा आला, पण पळणारी पावलं आली नाहीत. सिस्टरांनी मला उचललं तेव्हा माझ्या तोंडाची गोल खूण त्या पोटावर सहा ठिकाणी उमटलेली होती. तेव्हापासून मला कुठल्याही पोटावर टेकण्याआधी भीती वाटते.

पुढे यंत्रं आली. त्यांचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू जाई. मी औषधांच्या कपाटात गेलो. मग प्रसूतिगृहच बंद झालं आणि सिस्टर निवृत्त होताना मला घरी घेऊन आल्या. परळला चाळ पाडून बांधलेल्या उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर त्यांचं घर आहे. तिथल्या काचेच्या कपाटात मी उघड्या तोंडाने उभा असतो. तोंड मिटण्याची सोय मला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या घरात शनिवारी दुपारी बायका जमू लागल्या. सगळ्या पहिलटकरणी. सुरुवात दोघींनी केली. नम्रता त्याच इमारतीत सातव्या मजल्यावर राहायची आणि एका विमा कंपनीत काम करायची. नूपुरचं माहेर गिरगावात फणसवाडीत, सासर समोरच्या इमारतीत. ती कॉलेजात शिकवायची. रुग्णालयात नाव नोंदवण्याच्या रांगेत दोघी पुढेमागे उभ्या होत्या. नूपुरला मळमळलं आणि नम्रताने आपल्या फाइलने तिला वारा घातला. ओळख एवढीच. तोवर दोघींनाही या भागात मैत्रीण नव्हती. ऑफिसातल्या मैत्रिणी विरार-पनवेलला पांगलेल्या, शाळेतल्या फक्त फोनवर.

शनिवारी सिस्टर सगळ्यांना माझ्यातून ऐकवत. त्याआधी दर वेळी बजावत, "ही मजा हां. तपासणी दवाखान्यात." मग चहा व्हायचा, आणि बोलणं हमखास रजेवर यायचं.

"सव्वीस आठवडे," नम्रता म्हणायची. "त्यातले आठपर्यंत आधी घेता येतात. पण मी आधी एकही घेणार नाही. कळा ऑफिसातच सुरू झाल्या तरी चालतील."

"हो, आणि बाळाचं नाव क्लेम ठेव," नूपुर म्हणाली. सगळ्या हसल्या.

"हस तू. तुझी सासू घरी असते. आमच्या आईंची नोकरी संपायला दोन वर्षं आहेत. पाळणाघरवाली सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय बाळ घेत नाही. मी चार आठवडे आधी घरी बसले, तर पाच महिन्यांचं बाळ कुणाकडे सोडू? तुझ्याकडे?"

"सोड की. फक्त त्याला सुके बोंबील देऊन पाठवू नकोस. मागच्या शनिवारचा वास अजून माझ्या ओढणीला आहे."

"तुला डोहाळेच मिळमिळीत लागलेत गं, भटणी."

असं चालायचं. नम्रताच्या फ्रीजवर रजेचा कागद लावलेला आहे, हे मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. त्यावर अडतिसाव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक चौकोनात 'ऑफिस' लिहिलेलं होतं. पस्तिसाव्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला सांगितलं की रक्तदाब वरच्या काठावर आहे आणि आणखी काही जाणवलं तर घरी बसावं लागेल. हे तिने नूपुरला जिन्यात सांगितलं, सिस्टरांना नाही.

त्याच आठवड्यात सिस्टर भाचीच्या लग्नाला गावी गेल्या. झाडांना पाणी घालायला घराची किल्ली नूपुरकडे होती.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास नूपुरने कपाट उघडलं आणि मला पिशवीत घातलं. नम्रताचा फोन आला होता. बाळ आज शांत वाटत होतं. तिचा नवरा संघर्ष कामासाठी नागपूरला होता, सासूबाई कांताताई विहारात वंदनेला गेल्या होत्या. नम्रता पलंगावर आडवी झाली. नूपुरने मला सिस्टर नेहमी ठेवत त्याच जागी ठेवलं, बेंबीच्या डाव्या बाजूला खाली. पण आत बाळ वळलेलं होतं. जिच्यातून ठोका ऐकू येतो ती त्याची पाठ आता त्या बाजूला नव्हती, हे माझ्या तोंडाला लागत होतं. तिथे मऊ होतं, पोकळ होतं.

नूपुरने चकतीला कान लावला आणि सिस्टरांसारखाच नम्रताचा हात धरला. तिने तळहात धरला, बोटांत बोटं गुंफून, अगदी मायेने.

माझ्यात आवाज आला. सूं-ठक. सूं-ठक. सावकाश, भरदार.

"आहे!" नूपुर ओरडली. "आहे गं, आहे! काय मस्त वाजतंय!"

नम्रताचे डोळे भरून आले. "नक्की ना?"

"अगं, कानात वाजतंय माझ्या!"

मित्रांनो, मी मोजत होतो. मिनिटाला ब्याण्णव. तो नम्रताचाच ठोका होता. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांतून आईचं रक्त वाहतं, त्याचाही आवाज माझ्यात येतो. म्हणून तर सिस्टर मनगट धरत. कानातला ठोका आणि बोटाखालची नाडी बरोबर पडू लागली, तर कानातलं बाळ नव्हे. एक बाई जीव मुठीत धरून विचारत होती, आत कुणी आहे का, आणि माझ्यातून तिचंच काळीज तिला उत्तर देत होतं. नूपुरच्या आनंदाने ते आणखी जोरात धावू लागलं. ब्याण्णवचे शंभर झाले. "बघ, आता जोरात!" नूपुर म्हणाली. मला ओरडायचं होतं. माझं तोंड उघडं होतं, पण ते पोटावर पालथं होतं.

नम्रताने उठून दुसऱ्या दिवशीचा ऑफिसचा डबा काय करायचा ते ठरवलं. नूपुर मला घेऊन अकराव्या मजल्यावर परत आली.

एकच्या सुमारास सिस्टरांचा फोन आला. गावात टेकाडावर चढल्याशिवाय रेंज मिळत नसे. नूपुरने फोन स्पीकरवर ठेवून झारी भरता भरता मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं. "सिस्टर, मी ऐकलं! मला जमलं! असं होतं बघा," आणि तिने टेबलावर बोटाने ठोके वाजवून दाखवले. मी त्याच टेबलावर होतो. प्रत्येक ठोका लाकडातून माझ्यात शिरत होता.

फोनमधून टेकाडावरचा वारा येत होता.

"परत वाजव," सिस्टर म्हणाल्या.

नूपुरने पुन्हा वाजवलं.

"इतकंच हळू होतं?"

"हो. का?"

घाबरल्या की सिस्टरांच्या तोंडी मालवणी येई. "तां बाळाचां नाय गो," त्या म्हणाल्या. "तां आवशीचां."

आवस म्हणजे आई. नूपुरला शब्द नंतर कळला, अर्थ आधी कळला. झारी ओसंडून पाणी टेबलावर आलं, माझ्या चकतीखाली गेलं. तिने मला तसंच ओलं पिशवीत टाकलं आणि निघाली. तिलाही आठवा महिना होता. लिफ्ट येईना, म्हणून ती कठड्याला धरून चार मजले उतरली.

नम्रता कणीक मळत होती. ऐकून घेतल्यावरही तिचे हात थांबले नाहीत.

"तूच म्हणालीस ना, आहे म्हणून?"

"मी चुकले, नमू. चल."

"गेले की ते म्हणणार, आजपासून घरी बसा. मग? तीन आठवडे फुकट जातील माझे. संध्याकाळपर्यंत बघूया. गोड खाल्लं की हलतं."

"किती वेळा हललं आज?"

नम्रताने कणकेवर पाण्याचा हात फिरवला.

"नम्रता, किती वेळा?"

"मला वाटतं, सकाळी एकदा." मग अगदी हळू, "नाही. काल. काल रात्री."

तेवढ्यात कांताताई दारात आल्या. पांढरी साडी, हातात उरलेली फुलं. दोघींचे चेहरे बघून त्यांनी चपला काढल्याच नाहीत. "काय झालं गं?"

"आई, हिला दवाखान्यात न्यायचंय. आणि ही रजा वाचवतेय!"

कांताताईंनी सुनेचे कणकेचे हात आपल्या पदराने पुसले. "कोणासाठी वाचवतेस, नमू?" एवढंच त्या म्हणाल्या. मग फ्रीजकडे न बघता त्यांनी त्यावरची दवाखान्याची फाइल उचलली. नम्रता उठली.

टॅक्सीत मी नूपुरच्या मांडीवरच्या पिशवीत होतो. पिशवीच्या कापडातून मला नूपुरचं बाळ ऐकू येत होतं, एकशे चव्वेचाळीस, ठणठणीत. शेजारून नम्रताचा ठोका येत होता, एकशे बारा. तिसरा येत नव्हता. रस्ता दीड किलोमीटरचा होता. मी ऐकत राहिलो. येत नव्हता.

रुग्णालयात यंत्राचा पट्टा पोटावर बांधला आणि आवाज खोलीभर पसरला. तेव्हा मला तो कळला. तो होता, पण थकलेला. एकशे तीस, मग एकशे दहा, मग ऐंशीपर्यंत घसरून मोठ्या कष्टाने पुन्हा वर चढणारा. डॉक्टर म्हणाल्या की बाळाला रक्त पुरवणारी वार नीट काम करत नाही, लगेच शस्त्रक्रिया करावी लागेल. त्यांनी सही कुणाची घ्यायची ते विचारलं. सही नम्रताने स्वतः केली. नखांत राहिलेली कणीक पेनाला लागली.

चाळीस मिनिटांनी मुलगी झाली. एकोणीसशे ग्रॅम. आधी रडलीच नाही. मग रडली.

बाळ त्या दिवशी जन्मलं म्हणून रजाही त्याच दिवसापासून लागली. आधीचा एकही दिवस खर्च झाला नाही. सव्वीसच्या सव्वीस आठवडे बाळंतपणानंतरचे, नम्रताला हवे होते अगदी तसे. त्यातले पहिले तीन तिने काचेबाहेरच्या बाकावर काढले. काचेपलीकडे पेटी होती, पेटीत नळ्या होत्या आणि नळ्यांमध्ये कुठेतरी ती मुलगी. नूपुरने सोमवारीच कॉलेजात रजेचा अर्ज दिला आणि रोज दुपारी त्याच बाकावर डबा घेऊन येऊन बसू लागली. त्यात बोंबील असत. ती नाकाला ओढणी लावून तो उघडायची.

सिस्टर परतल्या तेव्हा त्यांनी मला कोरड्या फडक्याने पुसलं. पाण्याने माझ्या चकतीला बारीक चीर गेली होती. त्यांनी ती बोटाने चाचपली आणि मला कपाटात ठेवून कुलूप लावलं. आता शनिवारी एखादी नवी पहिलटकरीण म्हणते, "सिस्टर, एकदा ऐकवा ना." त्या नाही म्हणतात. मग तिचं मनगट हातात घेऊन नाडी कुठे लागते ते दाखवतात, आणि बाळाच्या लाथा रोज कशा मोजायच्या ते शिकवतात.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या घरी सापडली तर फेकू नका. तेलाचा हात फिरवा, ओल लागू देऊ नका. पण घरात कुणाचं बाळ पोटात शांत झालं असेल, तर मला शोधत बसू नका. मी लाकूड आहे. माझ्यावर जे येईल ते मी पुढे देतो, ते कुणाचं आहे हे मला सांगता येत नाही. त्या दिवशी रजा, डबा, पाहुणे, सगळं राहू द्या आणि निघा. शेजारी मैत्रीण असेल तर तिला बरोबर घ्या. नसेल तर आत्ताच एक करून ठेवा.

शनिवारी नम्रता मुलीला घेऊन येते. तिला माझ्या कपाटाखालच्या सतरंजीवर निजवतात. बायका हसतात, रजेचे आठवडे मांडतात, एकमेकींना चिडवतात. मधेच ती मुलगी झोपेत अगदी निश्चल होते. तेव्हा बोलणं एकदम थांबतं. कोणी कुणाला खूण करत नाही. कप हातात तसेच राहतात, सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळतात आणि खोलीत पंख्याखेरीज काही उरत नाही. मीही काचेआडून ऐकत असतो. मग तिचा पाय हलतो. कोणीतरी हळूच विचारतं, "चहा आणखी हवाय का कुणाला?"