वाघ जेवायला का थांबला नाही

सुनंदाबाईंनी परातीतले गहू बोटांनी दाबून चौथी मेणबत्ती सरळ केली. पहिल्या तिन्ही मागच्या तीन रविवारी थोड्याथोड्या जळून जिन्यासारख्या उतरत्या झाल्या होत्या. चौथी अजून कोरी.

"पेटवू?"

"हे आल्यावर," कांचन म्हणाली. ती खिडकीशी होती. पडदा दोन बोटं बाजूला, आणि त्या फटीत तिचा एकच डोळा.

अशोक शुक्रवारी ऑफिसच्या कामाला बटाल्याला गेला होता. जाताना आईला सांगून गेला होता, रविवारी जेवायलाच येतो, आणि चौथ्या मेणबत्तीचं बायबलमधलं वचन मी वाचणार, तू मधे घुसू नकोस. नगरला त्याच्या लहानपणापासून नाताळाआधी घरात चार रविवार चार मेणबत्त्या लागायच्या. आता सून, मुलगा आणि नात चंडीगढच्या सरकारी क्वार्टरमध्ये, म्हणून परात चंडीगढला. गहू तेवढे पंजाबचे.

जेवण झाकून ठेवलेलं थंड झालं. चार वाजता कांचननं रेडिओ लावला आणि बातम्या अर्ध्यावर असतानाच बंद केला. जालंधरच्या रस्त्यावर कुणीतरी बस अडवली होती. कुठली बस, किती माणसं, काही धड सांगितलं नाही. पंजाबात अतिरेकी बसमधून माणसं उतरवून गोळ्या घालायचे, ते दिवस. शेजारच्या भल्लांच्या घरून फोन लावून पाहिला, बटाल्याची लाईन लागेना. आता धुकं उतरलं होतं आणि रस्त्यावरचे दिवे लागले होते. या वेळेनंतर सेक्टरमध्ये कुणी कुणाचं दार वाजवत नसे, आणि वाजवलं तर कुणी उघडत नसे.

"सकाळी चर्चमध्ये पाळकसाहेब काय म्हणाले, ऐकलंत ना आई?" कांचन खिडकीकडे तोंड करूनच बोलली. "देव शब्द पाळतो. पाळत असेल. पण बसमध्ये बसलेल्या सगळ्यांना देतो का तो शब्द?"

सुनंदाबाईंनी परात जवळ ओढली. गव्हातला एक खडा काढला, पदराला पुसला आणि उगाच परत गव्हातच टाकला.

"आजी, टायगर वाली सुनाओ ना," निशिगंधा म्हणाली. सात वर्षांची पोरगी. तिला मराठी सगळं कळायचं, तोंडातून मात्र हिंदी यायची.

"आई, आज नको. आज थापा नकोत."

"थापा कसल्या? तुझ्या सासऱ्यांची सायकल आहे अजून नगरला. विचार तिला."

निशिगंधा मांडीत येऊन बसली. सुनंदाबाई बोलायला लागल्या, की त्यांचा आवाज आपोआप रंगायचा. आजही रंगला, फक्त थोडा उशिरानं.

"तर तुझे आजोबा अकोले तालुक्याच्या डोंगरातून शाळा तपासून निघाले. अमावस्या. सायकलला दिवा नाही. हात नाकाशी धरला तर नाक सापडेना. आजोबा म्हणाले, देवा, उजेडाचं बघ काहीतरी. तर समोर दोन दिवे लागले. पिवळेधम्मक! आजोबा त्यांच्यामागे सायकल हाणतायत, दिवे आपले पुढे, वळण आलं की वळतायत, खड्डा आला की थांबतायत. असे थेट आपल्या दारात. मी चिमणी घेऊन बाहेर येते, तर काय?"

"टायगर!"

"भला मोठा वाघ. उलटा चालत आला बिचारा पाच कोस, डोळ्यांचा उजेड पाडत. मान आखडली त्याची. मी म्हटलं, बाबा, दमलास, जेवून जा. पिठलं टाकलंय. त्यानं एक घास खाल्ला, ताट सरकवलं आणि गेला निघून. का थांबला नाही?"

"नमक कम था!"

"मीठ कमी होतं," सुनंदाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. इथं अशोक नेहमी मधे तोंड घालायचा. अगदी निशिगंधाएवढा होता तेव्हापासून. मग मायलेकरांचं भांडण जुंपायचं, आणि त्या भांडणावरूनच गोष्ट पुढे जायची. कांचन तोवर कंटाळून स्वयंपाकघरात गेलेली असायची. आज कुणी मधे बोललं नाही. पुढचं वाक्य त्यांना सुचेना.

"फिर?"

"मग काही नाही. गेला."

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

कांचननं पडदा सोडला. "हे नाहीत," ती कुजबुजली. "उंच आहे कुणीतरी. पगडी आहे. अंगावर कांबळं घेतलंय."

दारावर थाप पडली. कांचननं आधी घरातला दिवा घालवला आणि मग निशिगंधाला ओढून जवळ घेतलं. पोरीच्या तोंडावर तिनं हात ठेवला होता, पण श्वास तिचा स्वतःचाच मोठ्यानं ऐकू येत होता.

"माताजी," बाहेरून दबका आवाज आला. "अशोक साहब का घर है ना? खोलो जी."

कांचननं सासूचा पदर धरून ठेवला.

"दूध का टँकर चलाता हूँ जी। साहब मेरे साथ आ रहे थे। रोपड के नाके पे पुलिस ने उतार दिया, टँकर में सवारी मना है। रोपड में मेरी बहन के घर बैठे हैं। राज़ी-ख़ुशी। सुबह पहली बस से आएँगे।"

"कुणीही सांगेल असं," कांचन सासूच्या कानाशी म्हणाली. "नाव फाटकावरच लिहिलंय."

"माताजी, खोलो, या साफ कहो के जाओ। गश्त आ रही है। इस वक़्त एक सरदार किसी के दरवाज़े पे खड़ा मिला, तो मुझसे कोई कुछ पूछेगा भी नहीं।"

लांबून खरोखरच जीपचा आवाज येत होता. सुनंदाबाई दाराला कान लावून उभ्या होत्या. हात कडीपर्यंत गेला आणि मागे आला.

बाहेरचा माणूस खाकरला. "साहब ने कहा था, माँ नहीं खोलेगी। कहा था, एक बात बोल देना। मुझे तो जी शर्म आती है।"

"बोलो," सुनंदाबाई म्हणाल्या.

"कहते थे, वो शेर जो था, वो खाने पे इसलिए नहीं रुका," तो थांबला, जणू आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना बघत होता, "के पिठले में मिर्ची ज़्यादा थी।"

"मीठ!" कांचननं सासूचा दंड धरला. "मीठ कमी होतं, आई! चुकलं त्याचं. ह्यांना मारून विचारलं असेल, हे काहीतरी अर्धवट... आई, उघडू नका!"

पण सुनंदाबाईंनी कडी काढलीसुद्धा होती.

"मिठाचं अख्ख्या नगरला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तिखट म्हणणारा एकच आहे."

तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, दाढीत धुक्याचं पाणी. वयानं अशोकपेक्षा लहानच असेल. कांचननं दिवा लावला, त्याच्याकडे पाहिलं आणि आत गेली. येताना डब्यातल्या होत्या तेवढ्या करंज्या तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या.

"भाईसाहब, उनको खाना दिया किसी ने?"

"बहन जी, मेरी बहन के घर से आज तक कोई भूखा नहीं उठा। साग बना था।" तो पहिल्यांदाच हसला. "मिर्ची मैंने पूछ ली थी।"

जीप कोपऱ्यावरून पुढे निघून गेली. मग तो गेला, भिंतीच्या कडेकडेनं.

सुनंदाबाई परातीशी येऊन बसल्या. काडेपेटी उघडली. पहिली काडी मोडली. दुसरी मोडली. तिसरी हातातून गव्हात पडली, आणि त्या ती शोधत राहिल्या. दिवसभर वाघ-सायकल करणारी बाई, तिला गव्हातली काडी सापडेना. कांचन समोर बसली. तिनं सासूच्या मुठीतून काडेपेटी हळूच सोडवून घेतली.

"मगर पापा तो आए नहीं," निशिगंधा म्हणाली. "तुम बोली थी, पापा आएँगे तब जलाएँगे।"

"नाही आले," कांचन म्हणाली. "येतो म्हणून सांगितलंय."

तिनं काडी ओढली. चारही मेणबत्त्या लागल्या, तीन बुटक्या आणि एक उंच. वचन वाचायला कुणी पुस्तक उघडलं नाही. वाचणाऱ्याची जागा मोकळीच ठेवली.

बाहेर वळणावर इंजिन घरघरलं. निशिगंधा खिडकीशी धावली आणि तिनं पडदा पुरता बाजूला सारला. आज कुणी तिला ओरडलं नाही. धुक्यात दोन पिवळे दिवे लागले होते. ते जरा थांबले आणि हळूहळू वळून जायला लागले.

"इकडे ये," कांचन म्हणाली. तिचा आवाज अजून पुरता ताळ्यावर नव्हता. "पुढची गोष्ट सांगते. एक वाघ होता. त्यानं पगडी बांधली होती."

सुनंदाबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"मीठच कमी होतं," त्या म्हणाल्या. "उद्या येऊ दे त्याला, दाखवते."