कवळीतले किडे

"निघाला! अजून एक निघाला!"

बांधकामाच्या फाटकाशी कामगारांची ही गर्दी. मधोमध दातवाला बाबा आणि त्याच्यासमोर आ वासून बसलेली माझ्या तिसरीच्या वर्गातली मुलगी. तिचा गाल टम्म सुजलेला. बाबा कापसाचा बोळा तिच्या दाढेवर फिरवत ओरडत होता, "सोड किड्या दाढ, नाहीतर मोडीन तुझं हाड!" किड्याला हाड असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

बोळा वाटीतल्या पाण्यात बुडवला, की पांढरा किडा तरंगायचा.

मी मुळात संशयी बाई. तिकडे शाळेत दातांचे डॉक्टर सकाळपासून रिकामे बसलेले, कारण तपासणीच्या चिठ्ठीवर एकाही पालकाची सही नव्हती. या मुलीची दाढ त्यांनी काल वर्गात ओझरती पाहिली होती. "पू झालाय. सूज डोळ्याकडे चढली तर जिवावर बेतेल," असं म्हणाले होते.

मी तिच्या बापाला तेच सांगितलं.

"शाळेत नावं लिहून घेतात, बाई. यादी झाली की आमच्या झोपड्या पाडतात. बाबा नाव विचारत नाही."

खोटं नव्हतं ते. गेल्या वर्षी तसंच झालं होतं.

मी सरळ बाबासमोर बसले. "माझीही दाढ ठणकते हो."

बोळा फिरला. एक, दोन, तीन किडे! "बाईंची दाढ पार पोखरलीय!"

मी तोंडातून कवळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि बोबडं बोलत विचारलं, "यातली कुठली?"

हशा पिकला. बाबा पिशवी आवरू लागला, तोवर मी त्याचा एक न वापरलेला बोळा उचलून सगळ्यांसमोर उलगडला. आत भिजवलेल्या बियांचे पांढरे कोंब. पाण्यात सुटायचे, वाटी हलली की वळवळायचे.

बाप मात्र हसला नाही. "बाबा लबाड, मग तुमचा डॉक्टर खरा कशावरून?"

"चला, बघा. माझ्यावरसुद्धा आंधळा विश्वास ठेवू नका."

शाळेत मी यादीची भीती सांगितली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "नाव राहू दे. मी दाढेचा नंबर लिहितो."

बापाने आधी त्यांच्या ताटलीतला कापूस उचलला, धागा धागा सुटा करून उजेडात धरला. डॉक्टर चिडले नाहीत, त्यांनी दुसरा बोळाही पुढे केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकहो, असंच करा. देव असो, डॉक्टर असो, आधी बोळा उलगडून बघा!

दुसरा बोळाही कोराच निघाला. मग बाप लेकीजवळ बसला आणि म्हणाला, "आ कर, पोरी."