वाघाच्या कानाजवळचं भोक

सर्कसच्या त्या पोस्टरच्या जगात दोनच प्रती उरल्या होत्या. एक तात्यांकडे, दुसरी त्यांच्या मेहुण्याकडे. आणि दुसऱ्याची नकली आहे, याबद्दल दोघांचीही खात्री होती. संग्राहक मंडळाच्या वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर तात्यांच्या पोस्टरवरचा वाघ झळकणार असं ठरलं, तेव्हापासून मेहुण्याला अन्न गोड लागेना.

पुरुषभर उंचीचं ते पोस्टर नळीत घालून, नळी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून तात्या स्कॅनिंगच्या दुकानात पोचले. मेहुणा मागोमाग आलाच. "मदतीला," म्हणाला.

दुकानातल्या बाईंनी कागद दोन रुळांमधून ओढून घेणारं मशीन दाखवलं.

"म्हणजे माझा वाघ चरकात घालणार?" तात्या गरजले. "सपाट काचेवर घ्या. तुकडे करून जोडा. अहो, कात्री कसली उचलता! चित्राचे तुकडे, कागदाचे नव्हेत! आणि दर्जा सगळ्यात वरचा. खिळ्यांची भोकंसुद्धा दिसली पाहिजेत. भोक म्हणजे अस्सलपणाची सही."

"मग मागे काळा कागद घालते. उठून दिसतील."

"दिसू देत. काही लोकांनी खरं भोक कधी पाहिलेलं नाही."

"भावोजी, माझ्याही वाघाच्या कानाजवळ आहे हो भोक," मेहुणा म्हणाला.

"असेल. कालच पाडलं असशील."

काचेवरून प्रकाशाची पट्टी सरकत गेली. पडद्यावर वाघाचा कान सुपाएवढा झाला. शेजारी भोक, भोवती गंजाचं कडं. तात्यांची छाती फुगली.

"भोकातून हिरवं काय दिसतंय?" बाईंनी विचारलं. "मागे तर काळा कागद आहे."

हिरवं म्हणजे भिंत होती. पोपडे धरलेली, कुठल्या तरी भलत्याच घरातली. भिंतीवरच्या अस्सल पोस्टरचा कुणीतरी फोटो काढून, भिंतीसकट छापला होता. तात्यांनी काचेवरचा कागद उचलून भोकावर नख फिरवलं. नख सुळकन पुढे गेलं. भोक नव्हतंच.

इतक्या वर्षांनी संधी आली म्हणून मेहुण्याने हसायला तोंड उघडलं. मग त्याला घरचा वाघ आठवला. त्याच्या भोकातही हिरवंच होतं. ती बुरशी, असं तो सगळ्यांना सांगत असे.

"बाई," तात्या घसा खाकरून म्हणाले, "हेच जरा वाईट करता येईल का?"

"आत्ता तर म्हणालात, सगळ्यात वरचा दर्जा!"

"बरोबर आहे भावोजींचं," मेहुणा घाईघाईने म्हणाला. "जुन्या वस्तूकडे इतकं वाकून बघू नये. उद्धटपणा दिसतो."

वार्षिक निघालं. मुखपृष्ठावर वाघ आहे की सूर्यास्त, यावरून मंडळात दोन तट पडले आहेत. तात्या आणि मेहुणा आयुष्यात पहिल्यांदाच एका बाजूला बसतात.