आजानचा मंगल आकडा

माऊसला कुणाचाही हात नव्हता, तरी पडद्यावरचा बाण हलला.

थायलंडमधल्या मेक्लोंगचा अख्खा बाजार माझ्या मावशीच्या, पा लमूनच्या कारखान्यात गुडघ्यांवर बसला होता. बांगडे वाफवून टोपल्यांत भरायचा तिचा धंदा. त्या वासात उदबत्त्यांचा धूर मिसळला होता. कॉम्प्युटरभोवती मंतरलेला पांढरा दोरा, समोर नैवेद्याची लाल सरबताची बाटली. बाण थांबला आणि अक्षरं उमटली: ‘सीमेपलीकडून आलेली.’

ही कोण, ते कुणाला विचारावं लागलं नाही. या कॉम्प्युटरला हात लावणारी सीमेपलीकडची एकच होती, ब्रह्मदेशातून आलेली खिन सू. ऑर्डरी चढवायचं काम तिचं, राहायची खोली कारखान्याच्या माडीवर.

“उद्या गुरुवार, गुरूंचा वार,” आजान खजोन डोळे मिटून म्हणाले. आजान म्हणजे गुरुजी. हे स्वतःला कॉम्प्युटरचे गुरुजी म्हणवत. “यंत्रातली सावली उद्या नाव सांगेल. जिचं नाव येईल तिने दिवस मावळायच्या आत घर सोडायचं. नाहीतर सावली माणसांना धरेल.”

बाजारात बरेच दिवस हेच चाललं होतं. एकेका दुकानातल्या फायली गायब व्हायच्या, आजान यायचे, मंत्र पुटपुटायचे, दक्षिणा घ्यायचे, फायली परत यायच्या. आकड्यांची बेरीज शुभ यावी म्हणून आमच्याकडे माणसं मोबाइलचा नंबर बदलतात, स्वतःचं नावसुद्धा बदलतात. आजान त्याच्याही पुढे गेले होते. ते पासवर्ड काढून देत. जन्मवार विचारायचा, बोटं मोजायची आणि सोनेरी कागदावर आकडा लिहून द्यायचा. मग त्यांचा चेला कॉम्प्युटरवर बसून त्या आकड्याची ‘प्रतिष्ठापना’ करायचा. वर उपदेश असा, की फायलींची दुसरी प्रत ठेवू नका, नक्कल काढली की बरकत अर्धी होते. मी मावशीला प्रती ठेवायला घेऊन दिलेली हार्ड डिस्कची डबी त्या उपदेशापायी कपाटात धूळ खात पडली होती.

“पा, भुताला टायपिंग कुणी शिकवलं गं?” गर्दी पांगल्यावर मी विचारलं.

“तू कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतेस, भुतं नाही,” मावशी म्हणाली. “मला काय ती पोर जड झालीय? पण लुंग प्रयूननी आत्ताच टोपल्या परत पाठवल्या. उद्या सगळे पाठवतील.”

लुंग प्रयून म्हणजे समोरचे नूडल्सवाले काका. इतकी वर्षं त्यांना खिन सूच्या हातची टोपली चालत होती.

माडीवर खिन सू कपडे बांधत होती. “माझा तांदळाचा डबा कुणाला देऊ, ताई?” तिने विचारलं. ती रडत नव्हती, भांडत नव्हती, आणि त्याचाच मला संताप आला.

मी खाली येऊन कॉम्प्युटर उघडला. दुरून काम करायची सोय त्यावर चालू होती. आम्ही ती कधीच चालू केली नव्हती. आजाननी दिलेला आकडा मी मुद्दाम बदलला नाही. फक्त त्या सोयीच्या दाराला आतून कडी घातली. दुरून कुणी बरोबर पासवर्ड घातला, की माझ्या मोबाइलवर विचारणा यावी, आणि मी हो म्हटलं तरच दार उघडावं.

गुरुवारी गर्दी दुप्पट झाली. बायकांनी पोरांना घरी ठेवलं होतं. आजाननी मंत्र म्हटला, दोऱ्याला हात लावला आणि मोठ्याने खोकले.

माझा मोबाइल वाजला. मी ‘नाही’ दाबलं. बाण जागचा हलला नाही.

आजान पुन्हा खोकले. मोबाइल पुन्हा वाजला. पुन्हा खोकला, पुन्हा मोबाइल.

“आजान, आल्याचा काढा आणू का?” लुंग प्रयूननी विचारलं. कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

मी मोबाइल उंच धरला. “आत्ता कुणीतरी दुरून या कॉम्प्युटरमध्ये शिरू बघतंय. ही विचारणा पासवर्ड बरोबर घातला तरच येते. तो मला ठाऊक आहे, मावशीला आणि खिन सूला ठाऊक आहे. आम्ही तिघी तुमच्यासमोर आहोत, त्या दोघी तर हात जोडून बसल्यात. मग चौथा कोण?”

आजान म्हणाले, “सावलीची चेष्टा करू नकोस, पोरी.” पण त्यांची नजर दाराबाहेर उभ्या गाडीकडे गेली, आणि लुंग प्रयूननी ती पाहिली. ते उठून बाहेर गेले. गाडीत चेला बसला होता, मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर आमच्या कॉम्प्युटरचं दार. पोलीस येईपर्यंत लुंग गाडीपुढे स्टूल टाकून बसले.

“ज्यांनी आजानकडून आकडा घेतलाय, त्यांनी हात वर करा,” मी म्हटलं.

एक हात वर गेला, मग दुसरा, मग सगळ्या कारखान्यात हातच हात. बाजारातल्या प्रत्येक कुलपाची किल्ली एकाच माणसाच्या खिशात होती. तो रात्री फायली लपवायचा, सकाळी आणून द्यायचा, आणि आपण त्याच्या पाया पडायचो. फायलींवर त्याचं भागलं नव्हतं. आता त्याला आपल्या सगळ्यांच्या भीतीला बळी द्यायला माणूस हवा होता.

बाबांनो, नाव शुभ ठेवा, नंबर शुभ घ्या, हौस आहे तुमची. पण पासवर्ड दुसऱ्याकडून घेऊ नका, आणि फायलींची प्रत वेगळी ठेवा. आणि यंत्र बिघडलं की आधी यंत्र तपासा. गरिबाच्या पोरीकडे बोट दाखवणारा कुणीही असो, त्याला विचारा, हे तुला कसं कळलं.

खिन सूची माफी कुणी मागितली नाही. लुंग प्रयूननी परत पाठवलेल्या टोपल्या नुसत्या पुन्हा उचलल्या. मावशीने मात्र दोरा सोडला, बाटली उचलली आणि खुर्ची पुढे ओढली.

“बस. नवा पासवर्ड घाल.”

“काय घालू, पा?” खिन सूने विचारलं.

“मला सांगू नकोस,” मावशी म्हणाली. “माझा मी वेगळा घालीन.” आणि तिने पाठ फिरवली.